घरटी एक सुपारी

रविवार, २ फेब्रुवारी

ठरली एकदाची! गावदेवी ट्रस्टच्या अध्यक्षपदाची निवडणूक तेवीस तारखेला. सकाळी देवळात बैठक झाली. चहा गोडमिट्ट, भाषणं त्याहून गोडमिट्ट.

भांडण माझ्यावरूनच झालं. आमच्यात घरटी एक सुपारी. गावात ज्या घराची चूल पेटते त्या घराला एक मत, टॉवरमध्ये राहायला गेलेल्यांना नाही. देवीपुढे उमेदवारांच्या हंड्या मांडतात. तोंडाला फडकं, तळाला तांदूळ. प्रत्येक हंडीत हात घालायचा आणि सुपारी एकीतच सोडायची. तांदळामुळे आवाज होत नाही. कुणाची कुठे पडली ते देवीला आणि टाकणाऱ्याला ठाऊक. लिहून ठेवते, कारण दहा वर्षांनी हे सांगायला कुणी उरणार नाही.

आमच्या घरची सुपारी हे टाकायचे. ह्यांना जाऊन श्रावणात दोन वर्षं होतील. आता घरात मी एकटी.

काळुरामभाऊजी म्हणाले, "बायकांनी सुपारी टाकायची रीत नाय आपल्यान. हर्षितला पाठव."

मी म्हटलं, माझ्या मुलाची चूल एकविसाव्या मजल्यावर आहे. आणि तीसुद्धा चूल नाही, काचेची शेगडी आहे!

कुणी छताकडे बघतोय, कुणी चपलेकडे. तेवढ्यात मागून कमलेश ओरडला, "बाईंचा बरोबर हाय! चूल बाईंची त सुपारी पन बाईंची!" आणि काय आश्चर्य, माना हलल्या. हा कमलेश चौथीत दोन वर्षं माझ्याच वर्गात बसला होता. तेव्हापासूनचं त्याचं हे पहिलं बरोबर उत्तर.

म्हणजे गावातली सुपारी टाकणारी पहिली बाई मी. छत्तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलं, निम्मं गाव माझ्या हाताखालून गेलं, तेव्हा कुणी मत विचारलं नाही. चूल पेटते म्हणून विचारलं. असो!

सोमवार, ३ फेब्रुवारी

तीन जण उभे राहणार. दुपारी पडल्यापडल्या तिघांनाही तपासलं.

काळुरामभाऊजी – ह्यांचे चुलतभाऊ. दहा वर्षं अध्यक्ष, आणखी पाच हवीत. कानात यंत्र. ऐकायचं नसलं की बंद करतात. दहा वर्षांत काम एकच – देवळाला स्टीलचा कठडा. त्यावर स्वतःचं नाव सात ठिकाणी. मी आणि शेजारच्या मालनने मोजलंय. देवीचं नाव एकदाच, तेही पायरीपाशी.

विनीत – वकील. माजिवड्याला ऑफिस. उन्हात जाकीट घालतो. तोंडात सारखं "व्हिजन". पाचवीत पाढे दुसऱ्याच्या वहीतून उतरवायचा, आणि त्या पोराचं चुकलेलंही तसंच उतरवायचा. आता म्हणे करारनामे लिहितो. देव त्या पक्षकारांचं भलं करो.

कमलेश – मांडव, लाइटिंग, डीजे. गळ्यात साखळी एवढी की म्हैस बांधावी. मैदानावर क्रिकेटच्या स्पर्धा भरवतो, आठ-आठ दिवस माइकवर बोंबलतो. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात टाकतो. माझ्या टाकायला आला होता एकदा. बघितलं फक्त. खाली घेतला.

तिघांना मिळून दहापैकी दोन. तेही हजेरीचे.

हसण्यावारी नेलं असतं, पण मैदान आहे. जत्रेचं मैदान, चौदा गुंठे. गावाचं आता तेवढंच उरलंय, बाकी सगळं विकून घोडबंदर रोडला टॉवर उभे राहिले. एक बिल्डर वर्षभर ट्रस्टच्या मागे लागलाय. धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, पण अर्ज जाणार तो अध्यक्षाच्या सहीने. म्हणजे जो निवडून येईल त्याच्या पेनात मैदान. आणि ते चौदा गुंठे मुळात आमचे. ह्यांनी देवीला दिलेले.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

रथसप्तमी. विनीतच्या बायकोने, कल्पिताने, हॉलमध्ये हळदीकुंकू ठेवलं. "सधवा-विधवा भेद नाही, आम्ही पुरोगामी." ठीक. गेले. मला स्टेजवर बोलावून कुंकू लावलं. फोटो नीट आला नाही म्हणून परत लावलं. मग विनीत फ्रेममध्ये नव्हता म्हणून तिसऱ्यांदा! पुरोगामीपणा डोळ्यात गेला. घरी येऊन पाण्याने डोळा धुतला.

वाण काय, तर प्लॅस्टिकचा डबा, झाकणावर विनीतचा फोटो. त्यात उंदराचं औषध ठेवलंय.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

हर्षित आला! मधल्या वारी, ऑफिस सोडून. संत्री आणली. गुडघ्याला मलम आणलं आणि मी नको नको म्हणत असताना स्वतः खाली बसून चोळलं. लहानपणी ताप आला की माझ्या पायाशी असाच बसायचा.

खूप बोललो. गावात काय चाललंय, विचारत होता. मी सगळं सांगितलं – भाऊजींवर कोणती घरं चिडलीत, कुणाला कमलेशचा डीजे नको झालाय, कोण कुणाच्या शब्दात आहे. मन लावून ऐकलं. इतका वेळ माझं कुणी ऐकलं नव्हतं, हे गेल्यापासून.

म्हणाला, "आई, गर्दीत तू कशाला जातेस? घरची सुपारी मी टाकतो ना, मी बोलतो काकांशी." मी म्हटलं, नाही बाबा, मिळालीय तर टाकू दे. हसला. काळजी करतो.

रविवार, ९ फेब्रुवारी

भाऊजी नारळ घेऊन आले. "वयनी, नाथा असता त मत मनाच देला असता." मी म्हटलं, हे असते तर तुमचा कठडा उपटून मिठागरात टाकला असता. यंत्र बंद होतं. "हां हां" म्हणत चहा प्यायले आणि गेले.

नारळ किडका निघाला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कमलेशच्या वाढदिवसाचा बॅनर माझ्या शेवग्याला बांधलाय. न विचारता! शेंगा त्याच्या कानांतून लोंबतायत. राहू दे तसाच.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज हर्षित समृद्धीला घेऊन आला. सूनबाई दिवाळीनंतर आज उगवल्या. सुकटीचा वास सहन होत नाही म्हणून नाक धरणारी माझी सून आज सुकट-भाकरी मागून जेवली! दोन भाकऱ्या. चुलीपाशी बसून फोटो काढला. बदलतात माणसं. मीच तिच्याविषयी फार मनात धरलं.

जाताना हर्षितने सहज विचारलं, मालनकाकूंकडे सुपारी कोण टाकतं? मोठा की धाकटा? मी म्हटलं, मोठा, पण ऐकतो तो बायकोचं. तो "अच्छा" म्हणाला.

माझा मुलगा त्या तिघांसारखा नाही, एवढं तरी मी कमावलं. चाळीस वर्षांच्या माणसाने आईचे गुडघे चोळायचे, हे त्या कमलेशला जमेल? त्याची आई जिना उतरताना पडली तेव्हा हा मैदानावर नाणेफेक करत होता.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज नारळ ठेवायचा शेवटचा दिवस. उभं राहणाऱ्याने देवीपुढे नारळ ठेवायचा, झाला त्याचा अर्ज.

अकरा वाजता मालन पळत आली. "वयनी, पेढे द्या! हर्षितनी नारल ठेवला!"

मी म्हटलं, कोण हर्षित?

असंच विचारलं. खरंच.

भाऊजींनी आपला नारळ मागे घेतला. "तरुण रक्ताला संधी." विनीतनेही घेतला, आणि हर्षितच्या खांद्यावर शाल टाकली. उरले दोन – हर्षित आणि कमलेश. सुपारी टाकायला गावात चूल लागते, नारळ ठेवायला फक्त गावचं रक्त पुरतं! हा नियम करणाऱ्याला पट्टीने मारलं पाहिजे.

पहिल्यांदा छाती फुगली, खोटं कशाला लिहू. मालनला दोनदा विचारलं, कसा दिसत होता, कोणता सदरा घातला होता. ती गेली, आणि मग एकेक आठवत गेलं. संत्री. मलम. कोण चिडलंय. मोठा की धाकटा. सुकट-भाकरी.

पूर्ण मतदारयादी मीच त्याला तोंडी दिली. गुडघे चोळून घेत.

त्यांचे पेपर तपासत बसले लाल पेन घेऊन, आणि घरच्या पोराची वही उघडून बघितली नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

आला. पाया पडला. म्हणाला, "आई, तुला सरप्राइज द्यायचं होतं." सरप्राइज! साठी उलटलेल्या आईला आनंदाची बातमी शेजारणीकडून कळावी, हे सरप्राइज.

मग नकाशा पसरला. रंगीत. आत विनीतचं व्हिजन, वर हर्षितचं नाव. मैदानाच्या जागी दोन टॉवर, संगमरवरी देऊळ, गावकऱ्यांसाठी क्लब हाऊस. मी म्हटलं, जत्रा कुठे?

"पोडियमवर, आई. पार्किंगच्या वर मोठी ओपन स्पेस मिळते."

म्हणजे देवीची पालखी गाड्यांच्या डोक्यावर नाचवायची. आणि तिथे जायला लिफ्ट.

एका कोपऱ्यात हिरवा चौकोन होता, खोलीएवढा. त्यावर लिहिलेलं – नाथा स्मृती उद्यान. बोट ठेवून दाखवलं त्याने. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, आणि ते खोटं नव्हतं. हेच तर वाईट. विनीतसारखा खोटा असता तर पट्टी उचलली असती. माझ्या पोराला मनापासून वाटतंय की तो बापाचं नाव काढतोय.

तो आठ वर्षांचा होता, विसरला असेल. सगळा गाव जमिनी विकून गाड्या घेत होता. सासूबाईंनी, सखुबाईंनी, ज्या जागी डोक्यावरून मीठ वाहून राशी घातल्या, तेवढा तुकडा ह्यांनी विकला नाही. देवीच्या नावावर करून दिला. भाऊजींनी वेड्यात काढलं, "येरा हाय नाथा." हे हसले. घरी येऊन मला म्हणाले, "कला, आता आपले पोरालाही विकता येनार नाय." हे वाक्य त्यांनी निश्चिंत मनाने म्हटलं होतं.

हर्षितला सांगितलं हे. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, बाबांचा काळ वेगळा होता." आणि नकाशाची घडी घातली, नीट, कडेला कड लावून. घड्या घालायला मीच शिकवलंय.

सोमवार, १७ फेब्रुवारी

संत्री सडली. फेकली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंती. कमलेशचा डीजे सकाळपासून. अकराला कानावर पदर घेऊन मैदानावर गेले. मला बघून त्याने स्वतः बटण बंद केलं. चौथीतली भीती अजून आहे.

सगळ्यांदेखत विचारलं, तू निवडून आलास तर मैदान विकशील?

"येरा झालोय का, बाई? यो मैदान गेला त मी मांडव कुठं घालू? मॅची कुठं भरवू? माजे चाळीस पोरांचा पोट हाय यावर."

देवी नाही, जत्रा नाही, ह्यांचं नाव नाही. मांडव आणि मॅची! स्वार्थ इतका उघडा की झाकायला रुमाल पण नाही. मी म्हटलं, लाज वाटू दे. तो म्हणाला, "कंची लाज, बाई? खरा तोच सांगला."

परत येईपर्यंत डीजे पुन्हा सुरू. आणि मला कळलं की गावात मैदान विकणार नाही असा माणूस एकच आहे, आणि तो हा आहे. शेवग्यावर लोंबणारा. देवीने विनोद करावा तर किती!

गुरुवार, २० फेब्रुवारी

डोकं फुटेल म्हणून खडवलीला धाकट्या बहिणीकडे, लक्ष्मीकडे गेले. नदीवर बसलो. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, आपलं पोर ते आपलं पोर. नवरा गेला, मैदानही जाईल एक दिवस. म्हातारपणी दार कोण उघडणार, कमलेश?"

ती बरोबर बोलतेय. गुडघे दुखतात. पावसाळ्यात जिना चढवत नाही. एकविसाव्या मजल्यावर माझ्यासाठी खोली ठेवलीय, पडदे समृद्धीने लावलेत, फिकट पिवळे. मला पिवळा आवडतो हे तिला कुणी सांगितलं? हर्षितनेच असेल.

येताना लक्ष्मीने वांगी दिली. आणि म्हणाली, "सुपारी टाकूच नकोस ना. आजारी पड." सोपं आहे. पण मग भाऊजी पाच वर्षं सांगत फिरतील, बाईला दिली, बाईला नाही झेपली.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मालन सांगत होती, काटे की टक्कर आहे. एकेका घराची मोजणी चाललीय. दोन्हीकडचे म्हणतात, बाईंची तर हर्षितलाच. तेवढी एक कुणी मोजतही नाही. धरून चालतात.

शनिवार, २२ फेब्रुवारी

हर्षितचा फोन. दमलेला आवाज. "आई, जेवलीस का?" आधी हेच विचारलं. मग म्हणाला, "उद्या सावकाश ये. मी गाडी पाठवतो." देवळाला पोचायला माझ्या दारातून दीडशे पावलं. म्हटलं, नको, चालत येईन.

फोन ठेवून रडले. कुणाशी लढतेय मी? बत्तीस किलोमीटर सायकल मारून ह्यांनी ज्याच्यासाठी इंजेक्शन आणलं त्या पोराशी?

ह्यांच्या सुपाऱ्यांची डबी काढली. तीन होत्या. दोन किडलेल्या. एक चांगली निघाली. पुसून तुळशीपाशी ठेवलीय. देवीला म्हटलं, उद्या हात माझा, अक्कल तुझी. पण खोटं आहे ते. अक्कल माझीच आहे, आणि ती मला नकोशी झालीय.

रविवार, २३ फेब्रुवारी

त्रेसष्ट सुपाऱ्या. हर्षित एकतीस, कमलेश बत्तीस.

कमलेश गुलालाने भरलेला पाया पडायला आला. पांढरं पातळ वाया घालवलं. गाढव.

सात वाजता हर्षित घरी आला. एकटाच. चुलीपाशी पाटावर बसला. विनीतच्याच घराने दगा दिला म्हणाला, त्याचं तोंड बघणार नाही म्हणाला. मी तव्याकडे बघत होते. जेवताना मध्येच थांबला आणि म्हणाला, "आई, सगळे फिरले. पक्की अशी तू एकच होतीस."

मी त्याला अजून एक भाकरी वाढली.